नोकरीसोबत एम.टेक., पण करार वाचूनच

बी.एस्सी. झाली, पुढच्या शिक्षणाची फी आणायची कुठून? व्याजाचे कर्ज नको म्हणून आपल्या कितीतरी मुलामुलींचे शिक्षण इथेच थांबते. अशांनी विप्रोची ‘वर्क इंटिग्रेटेड लर्निंग’ योजना जरूर पाहावी, असे आम्ही सुचवू. १९४५ मध्ये आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाच्या धंद्यातून उभी राहिलेली ही कंपनी बी.सी.ए., बी.एस्सी. झालेल्यांना नोकरी देते आणि एम.टेक.चा खर्चही उचलते.

अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावरच भरावा. पुढे ऑनलाइन परीक्षा, मग मुलाखत. गुणपत्रिका आणि आधारवरचे नाव एकच आहे ना, हे आधी तपासा. ‘शेख’ एकीकडे पुढे, दुसरीकडे मागे असले की अडचण होते. कोणी दलाल पैसे मागू लागला तर तिथूनच परत फिरा.

खरा विचार कराराचा करायचा. ६० महिने नोकरी न सोडण्याची अट असते. मधेच सोडल्यास पैसे भरावे लागतात. म्हणून मुलीचे नाते ठरवताना ही पाच वर्षे सासरच्यांपुढे आधीच स्पष्ट मांडा. सही म्हणजे वायदा. तो निभावता येईल, तरच करावा.