व्यायाम तोच, मात्रा ज्याची त्याची

गुडघा, कंबर किंवा खांदा दुखू लागला की व्यायाम सांगितला जातो, आणि तो सांगण्याची आपल्याकडची रीत ठरून गेलेली आहे. एक छापील कागद, त्यावर सहा-सात आकृत्या आणि खाली ‘प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोनदा’ अशी सूचना. पंचविशीतल्या कबड्डीपटूच्या हाती तोच कागद पडतो आणि दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्या साठीच्या बाईच्या हातीही तोच. एकाच्या शरीराला त्या दहा वेळांनी काही जाणवतही नाही, दुसरीचे दुखणे बळावते. दोघेही व्यायाम सोडतात आणि ‘व्यायाम करून पाहिला, गुण आला नाही’ असे सांगत फिरतात. व्यायाम माणसागणिक ठरवला पाहिजे, याबद्दल आता फारसे दुमत नाही. पण म्हणजे नेमके काय ठरवायचे, याबद्दल गोंधळ आहे. माझ्या मते, प्रत्येकासाठी निराळी, खास हालचाल शोधण्यात फारसे हशील नाही. माणसागणिक ठरवायची असते ती मात्रा, ती वाढवण्याची गती आणि व्यायामामागचे उद्दिष्ट.

हा विचार नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची गर्दी होती. हलक्या वजनाने पुष्कळ वेळा व्यायाम करून घेण्याच्या तेव्हाच्या पद्धतीने त्यांच्या मांड्यांची ताकद लवकर परतत नव्हती. थॉमस डेलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरने वजन ठरवण्याचे मापच बदलले. रुग्णाला जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, ते त्याचे त्या दिवसाचे वजन. ताकद वाढली की माप पुन्हा घ्यायचे आणि वजन वाढवायचे. १९४५ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९४८ मध्ये ती सुटसुटीत करून त्या वजनाच्या निम्मे, मग पाऊण, मग पूर्ण, असे दहा-दहा वेळांचे तीन सेट सुचवले गेले. हालचाल सगळ्यांची एकच होती. वजन मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या कुवतीवरून काढलेले होते. स्नायू, हाड आणि स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन ही सगळी, पेलवेल इतका पण नेहमीपेक्षा थोडा जास्त भार पडला की हळूहळू बळकट होतात. भार कमी पडला तर बदलत नाहीत, एकदम फार पडला तर चिडतात. किती म्हणजे थोडा जास्त, हे छापील कागदाला कळू शकत नाही.

टाचेच्या वरच्या अकिलीस टेंडनच्या दुखण्याचा इतिहास हेच सांगतो. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम मांडला. दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. तो गुणकारी ठरला आणि १८० हा आकडा जगभर जणू मंत्रासारखा पाळला गेला. २०१४ मध्ये एका छोट्या चाचणीत २८ रुग्णांपैकी काहींना १८० चा नियम दिला, तर इतरांना झेपेल तितकेच करायला सांगितले. सहा आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. चाचणी लहान आहे, म्हणून तिच्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण एकच आकडा सगळ्यांवर लादण्याची गरज तिने शंकास्पद ठरवली, इतके नक्की.

इथे एक रास्त आक्षेप येतो. दुखते आहे म्हणजे शरीर थांबायला सांगते आहे. मग झेपण्याची मर्यादा रुग्णाने ठरवायची कशी? याचे उत्तरही अकिलीसवरच्याच एका अभ्यासात आहे. २००७ मध्ये कारिन सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांनी ३८ रुग्णांपैकी एका गटाला धावणे-उड्या मारणे चालू ठेवू दिले, मात्र अटींवर. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर वेदना पाचच्या पुढे जाऊ नये, दुसऱ्या सकाळपर्यंत ती ओसरावी आणि आठवड्यागणिक दुखणे-आखडणे वाढत जाऊ नये. दुसऱ्या गटाने सहा आठवडे असे खेळ बंद ठेवले. वर्षाने दोन्ही गटांची प्रगती सारखीच होती. वेदना इथे मात्रा ठरवण्याचे साधन झाली. सुसह्य वेदना, जी रात्रीतून उतरते, ती नुकसानीची खूण असतेच असे नाही. मात्र ताप, अकारण घटणारे वजन, पायातली वाढती दुर्बलता, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा पडल्यानंतरची तीव्र वेदना असेल, तर व्यायामाआधी डॉक्टर गाठायलाच हवा.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा, जुनाट कंबरदुखीवरच्या २४९ चाचण्यांचा आढावा २०२१ मध्ये आला. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत व्यायामाने वेदना शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी पंधरा अंकांनी जास्त उतरते, असे त्यात दिसले. पिलाटीससारखे काही प्रकार थोडे पुढे असतील, पण बहुतेक प्रकार काहीच न करण्यापेक्षा चांगले ठरतात. मग वैयक्तिक आखणीचा खटाटोप कशाला? मला वाटते, हा निष्कर्ष त्या आखणीला नवी दिशा देतो. प्रकारात फारसा फरक नसेल, तर जो व्यायाम माणूस सहा महिने करत राहील तोच त्याच्यासाठी योग्य. तो कोणता, हे त्याच्या कामाच्या वेळा, भीती, आवड आणि घरची परिस्थिती विचारल्याखेरीज कळणार नाही. एमआरआयच्या अहवालावरूनही ते कळत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांत विशीतल्या सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यातील चकत्या झिजलेल्या दिसल्या आहेत.

तिसरा आक्षेप पैशाचा. दर आठवड्याला फिजिओथेरपिस्टकडे जाणे कितीजणांना परवडेल? ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या एका चाचणीने इथे आशा दाखवली. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ प्रौढांपैकी निम्म्यांना चालण्याचा कार्यक्रम आखून दिला गेला. सुरुवात ज्याच्या त्याच्या वयावर आणि सवयीवर, वाढ टप्प्याटप्प्याने, आणि फिजिओथेरपिस्टची भेट सहा महिन्यांत साधारण सहा वेळा. दुखणे उलटण्याचा मध्यक काळ काहीच न करणाऱ्यांत ११२ दिवस होता, तर चालणाऱ्यांत २०८ दिवस. तुलना उपचार नसलेल्या गटाशी होती, त्यामुळे सगळे श्रेय आखणीला देता येत नाही. पण चालणे फुकट असते, आणि तज्ज्ञाच्या मोजक्या भेटींत त्याची मात्रा बसवता येते, हे त्यातून दिसले. शेक आणि मशीनच्या दहा-पंधरा भेटींवर होणारा खर्च अशा मोजक्या भेटींकडे वळवला, तर तो कमीच भरेल.

राहिले उद्दिष्ट. गुडघा किती अंशांत वाकतो, हा तपासणाऱ्याचा प्रश्न झाला. रुग्णाचा प्रश्न असतो पंगतीत मांडी घालून बसता येईल का, एसटीची पायरी चढता येईल का, पाण्याची कळशी उचलता येईल का. व्यायाम त्या कामाकडे नेत नसेल, तर तो टिकत नाही. म्हणून व्यायामाचा कागद हाती आला की रुग्णाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मी कितीपासून सुरू करू, कशावरून वाढवू आणि दुखणे वाढले तर किती कमी करू. यांची उत्तरे देता येत नसतील, तर तो कागद अजून त्या रुग्णासाठी लिहिलेला नाही. आणि हे प्रश्न विचारण्याचा संकोच रुग्णाने बाळगू नये, कारण मात्रा ठरवण्यासाठी लागणारी अर्धी माहिती त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाजवळ नसते.