रास्पबेरी : प्रजनन व सुधारणा

रोझेसी (गुलाब) कुलातील रुबस प्रजातीच्या या फळझाडाच्या तांबडी (रुबस आयडियस) व काळी (रुबस ऑक्सिडेंटॅलिस) या प्रमुख लागवडीतील जाती होत. दोन्ही द्विगुणित असून त्यांच्या कोशिकांत 14 गुणसूत्रे (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणारे सूत्ररूप घटक) असतात. त्यांच्या संकरातून जांभळी रास्पबेरी मिळते.

बीजापासून वाढविलेली रोपे मूळ झाडासारखी निपजत नाहीत. म्हणून संकरज रोपांतून निवडलेले एकच रोप मुनवे, मुळांचे तुकडे अथवा ऊतकसंवर्धन यांच्या साहाय्याने वाढवून नवा वाण तयार करतात. यामुळे इष्ट गुण कायम राहतात. परंतु सर्व झाडे आनुवंशिक दृष्ट्या सारखीच असल्याने एकास बाधणारा रोग सर्वांस बाधू शकतो.

सुधारणेची उद्दिष्टे : मोठे व घट्ट फळ, काटेविरहित खोड आणि रोगप्रतिकारक्षमता ही मुख्य उद्दिष्टे आहेत. काटेविरहितपणाचे जनुक अप्रभावी असल्याने ते दोन्ही जनकांकडून यावे लागते. स्कॉटलंडमधील ‘ग्लेन मॉय’ व ‘ग्लेन प्रोसेन’ (1981) हे असे वाण होत. सामान्यतः खोड पहिल्या वर्षी केवळ वाढते व दुसऱ्या वर्षी फळे देऊन मरते. ‘हेरिटेज’ (न्यूयॉर्क, 1969) व इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील ‘ऑटम ब्लिस’ हे वाण पहिल्याच वर्षी शरद ऋतूत फळतात.

रोग व किडी : मावा ही कीड व्हायरसांचा प्रसार करते. ईस्ट मॉलिंग येथे माव्यास प्रतिकार करणारी अनेक जनुके शोधण्यात आली. त्यांपैकी ए1 हे ‘बॉमफोर्थ ए’ या तांबड्या वाणातून, तर ए10 हे काळ्या रास्पबेरीतून मिळाले. मात्र ए1 ला व पुढे ए10 लाही न जुमानणारे माव्याचे प्रकार उद्‌भवले. एकाच जनुकाचा प्रतिकार दीर्घकाळ टिकत नाही, हे यावरून दिसते. म्हणून एकाच वाणात अनेक जनुके एकत्र आणण्याचे प्रयत्न होतात. काही गुण परस्परविरोधीही असतात. खोडावर लव आणणाऱ्या एच जनुकामुळे खोडाच्या करड्या बुरशीस प्रतिकार होतो; पण भुरी रोगाची संवेदनशीलता वाढते.

आंतरजातीय संकर : कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळलेली लोगनबेरी ही षड्गुणित (42 गुणसूत्रे) असून ती ब्लॅकबेरी व रास्पबेरी यांचा संकर आहे. स्कॉटलंडमध्ये विकसित झालेली टेबेरी (1979) तशीच आहे.

उष्ण प्रदेश : बहुतेक तांबड्या वाणांच्या कळ्या फुटण्यासाठी हिवाळी थंडी आवश्यक असते. भारतात, पश्चिम घाटातही, आढळणाऱ्या रुबस नायव्हियस (म्हैसूर रास्पबेरी) या जातीस ती फारशी लागत नाही. म्हणून उष्ण प्रदेशांसाठीच्या वाणनिर्मितीत तिला महत्त्व आहे. काळ्या रास्पबेरीच्या जीनोमचा आराखडा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. इष्ट जनुके असलेली रोपे फळे येण्यापूर्वीच निवडण्यास अशी माहिती उपयुक्त ठरते.