लाल बटण दाबल्यावर नक्की काय थांबतं?

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागातल्या औद्योगिक गाळ्यांमध्ये गुंडाळणारी यंत्रं पुष्कळ दिसतात. कुठे पॅकिंगची फिल्म, कुठे कागद, कुठे वायर. एका टोकाला मोठा रोल उलगडतो, मध्ये छपाई किंवा कापणी होते आणि दुसऱ्या टोकाला माल पुन्हा गुंडाळला जातो. यंत्रावर एक लाल, छत्रीच्या आकाराचं बटण असतं. ते दाबलं की यंत्र थांबतं, असं आपण धरून चालतो. आज आपण तेवढंच तपासणार आहोत.

आधी ताण समजून घेऊ. फिल्म ढिली पडली तर सुरकुत्या पडतात, जास्त ओढली तर ती लांबते किंवा तुटते. समजा, आपल्याला १०० न्यूटन ताण हवा आहे. म्हणजे साधारण १० किलो वजन टांगल्याइतकी ओढ. उलगडणाऱ्या रोलवर हा ताण ब्रेकमुळे येतो. ब्रेकला लागणारा टॉर्क म्हणजे ताण गुणिले रोलची त्रिज्या. भरलेल्या रोलची त्रिज्या ५० सेंटीमीटर असेल, तर ५० न्यूटन-मीटर. रोल संपत येऊन त्रिज्या ५ सेंटीमीटर झाली, तर फक्त ५. दहापट फरक! म्हणून डान्सर रोलर किंवा लोड सेल ताण बघत राहतो आणि कंट्रोलर ब्रेक हळूहळू सैल करत नेतो.

हे झालं चालू यंत्राचं. आता थांबवून बघू.

फिल्म मिनिटाला ३०० मीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर धावते आहे. रोल ६०० किलोचा आहे, भरीव धरू. त्याच्या फिरण्यात सुमारे ३,७५० जूल ऊर्जा साठलेली आहे. ६० किलोचा माणूस सहा मीटरहून जास्त उंचीवरून खाली पडला, तर जमिनीला टेकताना त्याच्याकडे जेवढी ऊर्जा असेल, साधारण तेवढी. बटण दाबलं म्हणून ती नाहीशी होत नाही. ती कुठेतरी जिरवावी लागते.

मधले रोलर ३ सेकंदांत थांबले असं समजा. रोललाही तेवढ्याच वेळात, ताण न सोडता थांबवायचं, तर ब्रेकला जवळपास ३०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. नेहमीच्या सहापट. ब्रेक ५० वरच राहिला तर रोल थांबायला १५ सेकंद घेतो. त्या वेळात तो ३७ मीटरच्या वर फिल्म सोडतो, पण यंत्र घेतं फक्त साडेसात मीटर. उरलेली ३० मीटर जमिनीवर. पतंग उडवताना मांजा ओढायचं थांबलो तरी फिरकी फिरतच राहते आणि गुंता होतो ना, तसंच हे. गुंडाळणाऱ्या बाजूला उलटं होतं: भरलेला रोल मागे राहिलेल्या यंत्राकडून फिल्म ओढत राहतो आणि ती तुटते.

याहून वाईट गोष्ट अजून पुढे आहे. अनेक यंत्रांवर पावडर ब्रेक असतो. त्यातली लोखंडी पावडर विजेच्या प्रवाहाने घट्ट होते, म्हणून तो धरतो. प्रवाह गेला की ब्रेक मोकळा! लाल बटणाने यंत्राची सगळीच वीज तोडली, तर ज्या क्षणी ब्रेक सर्वात जास्त हवा, त्याच क्षणी तो सुटतो. लाईट गेली तरी तेच.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ ने कामाच्या प्रत्येक खोलीत, आणीबाणीत वीज तोडण्याचं साधन ठेवायला सांगितलं. ते योग्यच होतं. पण जड रोलच्या बाबतीत वीज तोडणं आणि यंत्र थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०२०४-१, म्हणूनच थांबण्याचे प्रकार करतं. कॅटेगरी ० म्हणजे वीज तात्काळ बंद. कॅटेगरी १ म्हणजे वीज वापरून यंत्र आवरायचं आणि थांबल्यावर वीज तोडायची. गुंडाळणाऱ्या यंत्राला बहुतेक वेळा दुसरा प्रकारच लवकर थांबवतो.

मग करायचं काय? बटण दाबताच सगळे ड्राइव्ह एकाच उताराने खाली यायला हवेत, आणि तो उतार सर्वात जड रोलला झेपेल असा हवा. ड्राइव्हला ब्रेकिंग रेझिस्टर हवा. नाहीतर परत येणारी ऊर्जा जिरत नाही, ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो आणि रोल मोकळा फिरतो. ब्रेकचा टॉर्क त्या क्षणी आपोआप वाढायला हवा. शेवटी वीज तोडण्याचं काम टायमर असलेल्या सेफ्टी रिलेकडे. आणि लाईट जाण्याच्या प्रसंगासाठी पावडर ब्रेकच्या कंट्रोलरला यूपीएस, किंवा स्प्रिंगने लागणारा ब्रेक. त्याला वीज लागते ती ब्रेक सोडायला, लावायला नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवू. सेकंदाला ५ मीटर वेगात, बटणापर्यंत हात पोहोचायला अर्धा सेकंद लागला तरी अडीच मीटर फिल्म आत गेलेली असते. रोलरच्या फटीत सापडलेला हात बटण वाचवू शकत नाही. तो वाचवते जाळी, आणि फिल्म ओवताना बोट उचललं की थांबणारा मंद जॉग. बटण त्यानंतरचं.

तेव्हा आपल्या यंत्रावर एक चाचणी घ्या. पूर्ण भरलेला रोल, नेहमीचा वेग, सगळी माणसं लांब. बटण दाबा, स्टॉपवॉच लावा, वेळ लिहून ठेवा. मग तीच चाचणी मेन स्विच बंद करून. रिकाम्या कोअरवर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. दोन वेळांत मोठा फरक आला, तर ब्रेकची वायर कुठून येते ते आधी बघा.

आता प्रश्न घेऊया.