थोडे दिवस आधी जन्मलेले बाळ

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्या महिन्यातले मात्र जगत नाही, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वैद्यकशास्त्राचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. गर्भाशयात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या खाती जमाच होतो. परंतु या जुन्या समजाइतकीच दुसरीही एक समजूत घातक ठरते. आठ महिने भरले, वजन बरे आहे, तेव्हा आता काळजीचे कारण नाही, अशी ती समजूत होय. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या समजुतीचा.

३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. अशा बाळांत ३४ ते ३६ आठवड्यांत जन्मलेल्यांची संख्या सर्वांत मोठी असते. पाश्चात्त्य वैद्यक त्यांना ‘जवळजवळ पूर्ण दिवसांची’ म्हणत असे. २००५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी हा शब्द सोडून द्यावा असे सुचविले, कारण त्या शब्दामुळेच सारे निर्धास्त होत. ३४-३५ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. फुप्फुसे पुरती तयार नसतात, कातडीखालील चरबी कमी असल्याने अंग लवकर गार पडते, रक्तातील साखर उतरते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ अजून नीट बसलेला नसतो. यकृत अपरिपक्व असल्याने कावीळ अधिक वाढते आणि उशिरा, पाचव्या ते सातव्या दिवशी कळस गाठते. तोवर बाळ-बाळंतीण घरी पोहोचलेली असतात. घरात पाचवीच्या पूजेची गडबड चाललेली असते, आणि बाळ शांत निजून आहे याचे सर्वांना कौतुक वाटते. वास्तविक दूध न ओढता निजून राहणारे बाळ हे शांत नव्हे, आजारी समजावयाचे.

जुळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न नित्याचाच आहे. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांपूर्वी जन्मतात. शेवटच्या तिमाहीत जागा व पोषण वाटले जात असल्याने त्यांची वाढ मंदावते. तेवढ्याच आठवड्यांच्या एकट्या बाळापेक्षा ती वजनाने कमी भरतात. असे असले तरी श्वासाचा त्रास, कावीळ इत्यादी बाबतींत निर्णायक ठरतात ते आठवडे. बाळ जुळे की एकटे, हा प्रश्न त्यानंतरचा. किंबहुना एकटे बाळ लवकर जन्मते तेव्हा आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, वेळेपूर्वी पाणी जाणे असे एखादे कारण पुष्कळदा त्यामागे असते, आणि त्याचा परिणाम बाळालाही भोगावा लागतो.

व्यवहारात मात्र वेगळेच घडते. जुळी डोळ्यांना लहान दिसतात, म्हणून त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष राहते. ३५ आठवड्यांचे, २ किलो ६०० ग्रॅमचे एकटे बाळ कमी वजनाच्या २.५ किलोच्या रेषेवर असते. त्यामुळे ते पूर्ण दिवसांचे म्हणून खपून जाते. माझ्या मते खरा धोका येथे आहे. वजन काट्यावर दिसते, आठवडे कोणीतरी मोजलेले असावे लागतात.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांत ही मोजणी विशेष अवघड आहे. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील या पट्ट्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ९ लाखांवर होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेले उल्हासनगर, कारखान्यांभोवती वाढलेले अंबरनाथ, मुंबईच्या नोकरदारांनी भरलेले बदलापूर, अशी ही मिश्र वस्ती आहे. शेवटच्या पाळीची तारीख विचारली असता कित्येक स्त्रिया सणावरून वा महिन्यावरून सांगतात. आता उत्तर भारतीय पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू होतो. नोंद करणाऱ्याने हा भेद ध्यानी न घेतल्यास बाळाचे आठवडे कागदावर पंधरवड्याने चुकतात! यास्तव पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी व सोनोग्राफी होणे, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख इंग्रजी दिनदर्शिकेनुसार लिहिली जाणे अगत्याचे आहे.

जुळ्यांची गरोदरपणे आधीच हेरून प्रसूती कोठे होणार हे ठरवून ठेवावे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा सुटका झालेल्या प्रवाशांत ९ गरोदर स्त्रिया होत्या. उल्हास नदीकाठच्या गावांतील पंचायत सदस्यांना पावसाळ्यातील वाटांची अवस्था वेगळी सांगावयास नको.

घरच्या काळजीला यंत्रसामग्री लागत नाही. आईच्या उघड्या छातीशी बाळाला कातडीस कातडी लावून धरण्याची पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे इन्क्युबेटरच्या टंचाईतून निघाली. आज जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. जुळी असल्यास एक आईपाशी व एक वडील वा आजीपाशी असे आळीपाळीने धरता येते. दर दोन-तीन तासांनी, झोपेतून उठवूनही, दूध पाजावे. चोखता येत नसेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. धुरी देऊ नये. ऊन दाखविणे हा काविळीचा उपचार नव्हे. पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरी दिलेल्या अशा काळजीचे मोल गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी सुरू झाल्या, त्या याच धर्तीवर. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. बाळंतीण माहेरी गेली की या भेटी चुकतात. तेव्हा ज्या गावी ती जाणार तेथील आशा कार्यकर्तीला आधी कळविण्याचे काम ग्राम आरोग्य समितीने आपल्याकडे घ्यावे.

यांतील बहुसंख्य मुले पुढे इतरांसारखीच वाढतात. काहींना अभ्यासात किंचित अधिक साहाय्य लागते, हे शिक्षकांना ठाऊक असावे. अंगणवाडीत वाढ पाहताना पहिली दोन वर्षे जितके आठवडे कमी पडले तितके वयातून वजा करावेत. लसीकरण मात्र प्रत्यक्ष जन्मतारखेवरूनच करावयाचे असते.