वेटर ते व्यवस्थापक : बारामती-इंदापूरच्या हॉटेलांत माणसे सांभाळण्याची विद्या

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर इंदापूर तालुक्यातील भिगवण लागते. उजनी जलाशयाच्या काठच्या या गावात मासळीच्या थाळीसाठी प्रवासी आवर्जून थांबतात. जवळच्या कुंभारगावी थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांना गावातलीच कुटुंबे जेवू घालतात. पुढे इंदापूरपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा ढाबे व भोजनालये आहेत. बारामतीत औद्योगिक वसाहत आणि शिक्षणसंस्था यांच्यामुळे लॉज, खानावळी व मंगल कार्यालये वाढली, तर तालुक्यातील पळशीवाडीसारख्या ठिकाणी कृषी पर्यटनही रुजले. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी या व्यवसायात आहेत. मात्र दहा-दहा वर्षे वेटर म्हणून राबलेला मुलगा वेटरच राहतो आणि कॅप्टन किंवा मॅनेजर बाहेरून आणला जातो, हे चित्र आमच्या वारंवार पाहण्यात येते. त्याला काम येत नाही असे नाही. दुसऱ्यांकडून काम करून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते त्याला कोणी शिकविलेले नसते.

व्यवस्थापन, देखरेख आणि नेतृत्व हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक त्यांत फरक आहे. शनिवारी किती पाहुणे येतील, किती किलो मासळी घ्यावी, कोणत्या पाळीत किती माणसे लागतील, हे आधी ठरविणे म्हणजे व्यवस्थापन. ठरल्याप्रमाणे काम होते की नाही हे उभे राहून पाहणे म्हणजे देखरेख. दुपारी दोन वाजता सगळी टेबले भरलेली, आचारी चिडलेला आणि दोन मुले न सांगता गैरहजर, अशा वेळी उरलेल्या माणसांनी ज्याच्या शब्दावर हातपाय हलवावेत, त्याच्यापाशी नेतृत्व आहे असे म्हणावे.

आधुनिक हॉटेलच्या स्वयंपाकघराची घडी बसविण्याचे श्रेय ऑगुस्त एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याला दिले जाते. १८७० च्या युद्धात तो सैन्यात आचारी होता. तेथील शिस्त त्याने पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या भटारखान्यात आणली. रस्सा एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, गोड पदार्थ तिसऱ्याकडे आणि सर्वांवर एक प्रमुख, अशी ती रचना होती. भटारखान्यात आरडाओरड व शिवीगाळ नको, असाही त्याचा आग्रह असे. आपल्याकडे घडी उचलली गेली, आग्रह मात्र पुष्कळदा मागे राहिला!

खरे तर या भागाला अशी रचना नवी नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते आणि बेलवाडीला गोल रिंगण होते. प्रत्येक दिंडीला रथापुढचा किंवा रथामागचा क्रमांक ठरलेला असतो. तंबू, भांडी व शिधा घेऊन दिंडीचे वाहन पुढे जाते आणि वारकरी मुक्कामी पोहोचेपर्यंत चुली पेटलेल्या असतात. पाणी कोणी आणायचे, पंगत कोणी वाढायची, हे रोज नव्याने सांगावे लागत नाही. कामाची वाटणी आधी झालेली असली की ओरडावे लागत नाही, हे येथे दरवर्षी दिसते.

हॉटेलात हीच वाटणी पाळी सुरू होण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत करता येते. सर्वांना उभे करून आज काय उपलब्ध आहे, काय संपले आहे, कोणते टेबल कोणाचे, मोठी मंडळी किती वाजता येणार, हे सांगावे. ‘सुरमई संपली’ हे वेटरला पाहुण्यासमोर कळू नये. भटारखाना आणि वाढणारे यांच्यातील भांडणांचे मूळ बहुधा येथेच असते. ऑर्डर तोंडी सांगितली जाते, आचारी विसरतो, वेटर शिव्या खातो. लिहिलेली चिठ्ठी आणि ती घेणारा एकच ठरलेला माणूस, एवढ्याने निम्मी भांडणे मिटावीत असे आमचे मत आहे.

सर्वांत अवघड प्रसंग बढतीनंतरचा. कालपर्यंत एका खोलीत झोपणारे, एका ताटात जेवणारे सोबती आज ‘हाताखाली’ येतात. काही जण मग एकदम साहेब होतात. काही जण मैत्री तुटेल या भीतीने काहीच बोलत नाहीत आणि सगळे काम स्वतःच ओढत बसतात. दोन्हीही नुकसानीचे. चूक बाजूला नेऊन सांगावी, चांगले काम सर्वांसमोर सांगावे. आणि सुट्टी, अवघड टेबल व रात्रपाळी यांची वाटणी कागदावर लिहून भिंतीवर लावावी. टीपच्या पैशांचा नियमही सर्वांना माहीत असावा. आमच्या मते पगारापेक्षा टीपच्या वाटणीतील लपवाछपवीने अधिक मने दुखावतात. बिहार, ओडिशा वा नेपाळमधून आलेल्या मुलाला ‘ए छोटू’ न म्हणता त्याच्या नावाने हाक मारणे, हाही कामाचाच भाग आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत या बाबतीत एक फार व्यवहारी सूचना आहे. आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात सेवा करणाऱ्यांना जेवणाच्या वेळेपूर्वी थोडी भाकर व पेय जादा द्यावे, म्हणजे ते कुरकूर न करता वाढू शकतील, असे ते सांगतात. दुपारी चारपर्यंत उपाशी राहून इतरांना वाढणाऱ्या मुलांना हसतमुख राहण्यास सांगणाऱ्या मालकांनी ही सूचना जरूर वाचावी.

देखरेख करणाऱ्यावर कायद्याचीही जबाबदारी येते. ढाबे व हॉटेलांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी; त्याहून लहान ठिकाणच्या महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अपेक्षेनुसार दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवणे, हे त्याने रोज पाहायचे असते. उन्हाळ्यात मासळी विकणाऱ्या भिगवणसारख्या गावी हे किती महत्त्वाचे, ते सांगावयास नको.

लहान गावचा मुलगा पुढे कोठवर जाऊ शकतो? २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ताज हॉटेलातील कर्मचारी पाहुण्यांना सोडून पळाले नाहीत. एका मेजवानीच्या दालनात २४ वर्षांच्या तरुण व्यवस्थापिकेने दिवे बंद करविले, पाहुण्यांना टेबलांखाली शांत बसविले आणि रात्रभर धीर दिला. पुढे २०११ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी या वर्तनाची कारणे शोधली. ही कंपनी नवे कर्मचारी निवडताना महानगरांपेक्षा लहान शहरांना पसंती देते, गुणांपेक्षा स्वभाव पाहते आणि नेहमीच्या बारा महिन्यांऐवजी अठरा महिने प्रशिक्षण देते, असे त्यांना आढळले. वडीलधाऱ्यांचा मान राखणे हा त्या निवडीतील एक निकष होता.

औपचारिक शिक्षणासाठी पुण्यात शिवाजीनगर येथे महाराष्ट्र राज्य हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान संस्था आहे. मुंबईतील दादरची संस्था तर १९५४ पासूनची, देशातील पहिली. ज्यांना नोकरी सोडून पदवी घेणे परवडत नाही, त्यांनी अन्नसुरक्षा पर्यवेक्षकाच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणापासून आरंभ करावा. ते कामावर असतानाही करता येते. तोवर एक वही ठेवावी. रोज काय संपले, कोणत्या टेबलाची तक्रार आली, कोण आले नाही आणि का, हे तीत लिहावे. मॅनेजरची जागा रिकामी होईल त्या दिवशी मालकासमोर ठेवण्यास ती वही कामी येईल.