शिकवणी की घरचा अभ्यास?

माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदर रस्ता आग्रा रस्त्याला मिळतो. तिथल्या पाट्या आता तुम्हाला वाचता येतात. शिकवणी-वर्गाची पाटी वाचली की मनात येते, पोरीला घालावे का? फी ऐकली की पोटात गोळा येतो. कुणी डाग गहाण ठेवून ती भरतात.

शिकवणीत मास्तर समजावून सांगतात. ध्यानात ठेवायचे काम मात्र पोरीचेच. ते कसे साधते? अमेरिकेत दोघा संशोधकांनी हे तपासले. २००६ साली ते छापून आले. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार बैठकी नुसता वाचला. काहींनी तो एकच बैठक वाचला. मग कागद बाजूला ठेवून तीन बैठकी आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्यांना शंभरात ४० गोष्टी आठवल्या, दुसऱ्यांना ६१. नुसते वाचणारे मागे पडले की हो!

हे घरी करता येते. पोरीने धडा वाचावा. पुस्तक तुमच्या हाती द्यावे. आठवेल ते सांगावे. तुम्ही ओळीवर बोट ठेवून ताडून पाहा. राहिले तिथे पेन्सिलीने खूण करा. उद्या तेवढेच विचारा. चार दिवसांनी पुन्हा विचारा. तुम्ही हळू वाचता? चालेल. तिलाही आठवायला वेळ लागतोच.

पण गणित मुळात उमगलेच नसेल, तर आठवणार काय? तिथे कुणीतरी समजावायलाच हवे. आधी शाळेतल्या बाईंना भेटा. २००९ सालचा शिक्षण हक्काचा कायदा आहे. आठवीपर्यंतच्या मुलांना गरजेप्रमाणे जादा शिकवणे, हे त्याने शिक्षकाचे कामच ठरवले आहे. शाळेच्या शिक्षकाने खाजगी शिकवणी घेण्यास त्यात मनाई आहे.