‘बिग बॉस’च्या घरात कोण जातं, कसं जातं आणि तिथं राहतं कसं?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आपल्या एका समूहाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम १५ हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं, "मुलीची टीव्हीची ऑडिशन." शेळी, बियाणं, दवाखाना, शाळेची फी, शिलाई मशीन ही कारणं आपल्या वहीच्या सवयीची झालीत. हे नवीन होतं. सचिव ताईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ऑडिशनला पैसे कशाला लागतात गं?" त्यावर कुणालाच नीट सांगता येईना. बैठकीतल्या निम्म्या जणी रोज रात्री ‘बिग बॉस मराठी’ बघणाऱ्या. कोण कुणाशी भांडलं ते तोंडपाठ, पण ती माणसं तिथं पोचली कशी, त्यांना पैसे कोण देतं, याचा पत्ता नाही.

म्हणून हा लेख. त्या ताईंना विचारूनच लिहितेय, नाव मात्र कुणाचंच घातलेलं नाही.

हा खेळ मुळात आपल्याकडचा नाही. १९९९ साली नेदरलँड्स या देशात ‘बिग ब्रदर’ नावाने तो पहिल्यांदा दाखवला गेला. काही अनोळखी माणसं एका घरात कोंडायची, चहूबाजूंनी कॅमेरे लावायचे, आणि बाहेरच्या जगाने बघत बसायचं. जगभर त्याच्या नकला निघाल्या. २००६ साली तो ‘बिग बॉस’ म्हणून हिंदीत आला, आणि १५ एप्रिल २०१८ ला कलर्स मराठीवर मराठीत सुरू झाला. पहिल्या वर्षी महेश मांजरेकर सूत्रसंचालक होते आणि घर लोणावळ्याला होतं. पुढे ते मुंबईत गोरेगावच्या फिल्मसिटीत आलं. तिथं ते ‘घर’ म्हणजे स्टुडिओत उभा केलेला सेट असतो. खिडकीतून दिसणारं बाहेरचं जग तिथं नाही.

आता मुख्य प्रश्न, तिथं जातं कोण? पुष्कळ जणींना वाटतं, फॉर्म भरायचा, रांगेत उभं राहायचं, नंबर लागला की आत. मराठी बिग बॉसमध्ये आत्तापर्यंत आलेले बहुतेक लोक आधीच कुठे ना कुठे दिसलेले होते. मालिकेतले नट-नट्या, गायक, नाटकवाले, कीर्तनकार, राजकारणातली माणसं, आणि आता मोबाईलवर रील करणारे. कार्यक्रम बनवणारी कंपनी आणि वाहिनी यांची माणसं नावं काढतात, स्वतःच फोन करतात, भेटीला बोलावतात. भेटीत नाच-गाणं बघण्यापेक्षा बोलायला लावतात. राग कशाने येतो, घरात कोणाशी पटत नाही, कोणती गोष्ट सहन होत नाही, असले प्रश्न. कारण त्यांना सगळी गुणी माणसं नको असतात. तापट एक, हळवा एक, शांत एक, कुरापती काढणारा एक, अशी मिसळ हवी असते. सगळ्याच समजूतदार सुना एका घरात आल्या तर मालिका चालेल का? तसंच हे.

हिंदीत मात्र २०१६ च्या हंगामात सामान्य माणसांनाही घेतलं होतं. लोकांनी स्वतःचे व्हिडिओ पाठवले, त्यातून निवड झाली, आणि नोएडाच्या बाजूचा एक शेतकरी, मनवीर गुर्जर, जिंकला. पण असं दार नेहमी उघडं नसतं. ज्या वर्षी असतं, त्या वर्षी वाहिनी स्वतःच्या पडद्यावर तशी जाहिरात करते.

तुम्ही म्हणाल, मग सूरज चव्हाण? तो तर आपल्यासारखाच खेड्यातला. खरं आहे. बारामती तालुक्यातलं मोढवे हे त्याचं गाव. लहानपणीच आईवडील गेले, शाळा अर्धवट सुटली, घरची परिस्थिती हलाखीची. २०२४ चा पाचवा हंगाम त्याने जिंकला. पण तो रांगेतून आत गेला नाही. अनेक वर्षं तो मोबाईलवर व्हिडिओ करत होता, त्याचं बोलणं, त्याच्या लकबी लाखो लोकांनी पाहिल्या होत्या. वाहिनीला जे हवं होतं, माणसं ज्याला थांबून बघतात असा चेहरा, तो त्याने आधीच कमावलेला होता. त्यासाठी कुणाला नोंदणी फी द्यावी लागली नव्हती.

निवड झाली की करार होतो, आणि इथं नीट लक्ष द्या. करारानुसार कंपनी स्पर्धकाला मानधन देते, बहुधा आठवड्याच्या हिशेबाने. नावाजलेल्या माणसाला जास्त, नवख्याला कमी. जितके आठवडे टिकाल तितके आठवडे पैसे. शिवाय अटी असतात. आत जे चित्रित होईल ते कसं कापायचं, काय दाखवायचं हा हक्क कंपनीचा. कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर काही बोलायचं नाही. मध्येच स्वतःच्या मर्जीने निघून जायचं म्हटलं तर दंड. आपण बँकेच्या कर्जाच्या कागदांवर अंगठा-सही करताना सीआरपी ताईंना "हे काय लिहिलंय, वाचून दाखवा" म्हणतो ना, त्याहून जाड हा कागद असतो.

आत जाताना फोन काढून घेतात. टीव्ही नाही, वर्तमानपत्र नाही, घड्याळसुद्धा नाही. कागद-पेनवर चिठ्ठ्या लिहून गुपचूप ठरवाठरवी करायची सोय नाही. अंगावर माईक सतत लावलेला. तो काढला किंवा कुजबुज केली की आवाज येतो, "माईक नीट घाला." भिंतीवर मोठे मोठे आरसे दिसतात ना, त्यातल्या काही आरशांमागे अंधाऱ्या बोळात कॅमेरामन उभे असतात. इकडून आरसा, तिकडून काच. मराठीच्या घरात मराठीतच बोलायचं, हिंदी-इंग्रजी सुरू झालं की बिग बॉस टोकतात. हा ‘बिग बॉस’ म्हणजे फक्त आवाज, माणूस कुणालाच दिसत नाही.

सकाळी गाणं वाजतं आणि उठायचं. दुपारी डोळा लागला तर कोंबडा आरवतो. (आमच्या एका ताई म्हणाल्या, "मग आपण सगळ्याच बिग बॉसच्या घरात राहतो, आपल्याला तरी दुपारी कोण झोपू देतं?") नोकरचाकर नाहीत. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, संडास-बाथरूम धुणं, सगळं आपापसात वाटून घ्यायचं. आठवड्याचा एक कॅप्टन निवडला जातो, तो कामं वाटतो. किराणा मोजून मिळतो, आणि पुष्कळदा खेळ जिंकला तरच जास्तीचा मिळतो. आता विचार करा, १६ माणसं, एक स्वयंपाकघर, मोजकी अंडी, मोजकं पीठ. पोळी कुणी जास्त खाल्ली, चहात दूध कुणी संपवलं, भांडी कुणी तशीच ठेवली. भांडण लावायला वेगळं काही करावंच लागत नाही. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे शिकवायला नको. फरक इतकाच की आपल्या भांडणाचं मानधन मिळत नाही.

आठवड्यातून एकदा नॉमिनेशन. प्रत्येकाने घरातल्याच काही जणांची नावं बाहेर जाण्यासाठी द्यायची, कधी सगळ्यांसमोर, कधी एका बंद खोलीत. मग प्रेक्षकांची मतं. इथं पुष्कळ जणींचा घोळ होतो. मत द्यायचं असतं ते वाचवण्यासाठी, काढण्यासाठी नाही. ज्याला सगळ्यात कमी मतं, तो बाहेर. मत वाहिनीच्या ॲपवर देतात आणि त्याला पैसे पडत नाहीत. म्हणून पाठीशी गाव, तालुका, जिल्हा उभा राहिला की स्पर्धक टिकतो. शनिवार-रविवारी सूत्रसंचालक येऊन आठवड्याचा हिशेब घेतो. मांजरेकरांच्या वेळी त्याला ‘चावडी’ म्हणत, रितेश देशमुख आल्यावर तो ‘भाऊचा धक्का’ झाला. हाणामारीला मात्र माफी नसते. पाचव्या हंगामात एका स्पर्धक मुलीने दुसरीवर हात उचलला, तिला घराबाहेर काढलं गेलं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कात्री. दिवसाचे २४ तास कॅमेरे चालू, आणि आपल्याला दिसतो साधारण एक तास. म्हणजे उरलेले २३ तास कापले जातात. एखादी मुलगी दिवसभर हसत-खेळत राहिली, सगळ्यांना वाढून मग जेवली, आणि संध्याकाळी पाच मिनिटं ओरडली, तर ती पाच मिनिटं दिसणार. वर दणदण संगीत. मग गावात चर्चा, "किती भांडखोर आहे, हिच्या सासरचं काय होईल." आत असलेल्या मुलीला हे काहीच कळत नसतं. बाहेर आल्यावर फोन हातात येतो आणि महिनाभराच्या शिव्या एकदम वाचायला मिळतात. पुरुष स्पर्धकाच्या रागाला लोक ‘खेळाडू’ म्हणतात आणि बाईच्या रागाला काय म्हणतात ते मी लिहीत नाही, आपल्याला माहीत आहे. पोरीला पाठवायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पाठवणाऱ्या घराने एवढी तयारी ठेवायला हवी की टीव्हीवर काहीही दिसलं तरी तिला घरी घेताना कपाळावर आठी पडणार नाही.

पैशाचंही सांगते. सूरजला विजेता म्हणून १४ लाख ६० हजार रुपये जाहीर झाले. पण बक्षिसाच्या रकमेवर सरकार ३० टक्के कर कापतं. म्हणजे ४ लाख ३८ हजार रुपये करातच, आणि त्यावर उपकर वेगळा. हातात साधारण १० लाख. चांगलेच पैसे आहेत, नाही म्हणत नाही. फक्त टीव्हीवरचा आकडा आणि पासबुकातला आकडा एक नसतो. आणि १६ जणांतून हे एकालाच मिळतं.

टीव्हीवर जायची दुसरीही वाट आहे, ती आपल्या जवळची वाटते म्हणून सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना १,५०० रुपयांवर. २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त अमिताभ बच्चन यांच्यासमोर बसून त्यांनी १ कोटी जिंकले. तिथली निवड वेगळी असते. नोंदणीच्या दिवसांत रोज टीव्हीवर एक प्रश्न विचारतात, उत्तर ॲपवरून किंवा मेसेजने पाठवायचं. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून काही जणांना फोन येतो, फोनवर आणखी प्रश्न. त्यातून निवडलेल्यांना ऑडिशनला बोलावतात, तिथं सामान्य ज्ञानाची परीक्षा आणि मुलाखत. मग कार्यक्रमात पोचल्यावर जो सर्वांत आधी बरोबर उत्तर देईल तो समोरच्या खुर्चीत. या सगळ्यात निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस कुठेच नसतो.

आता परत आपल्या अर्जाकडे येते. त्या मुलीने मोबाईलवर "मराठी रिॲलिटी शोसाठी नवे चेहरे हवेत" अशी जाहिरात पाहिली. नंबर दिला. मुंबईहून बोलतो म्हणणाऱ्या माणसाने दोन फोटो मागवले आणि दुसऱ्याच दिवशी "तुमची निवड झाली" असं कळवलं. नोंदणीचे २,५०० रुपये घेतले, तेही एका खासगी माणसाच्या फोन-पेवर. ते तिने शिवणकामातून साठवलेले होते, आईला न सांगता दिले. मग म्हणाला, "आर्टिस्ट कार्ड" आणि फोटोंचा अल्बम लागतो, १५ हजार भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. दोन दिवसांची मुदत.

बैठकीत हे ऐकल्यावर एक आजी पटकन म्हणाल्या, "अगं, काम देणारा मजुरी देतो का मजुरी मागतो?" वाहिनी स्पर्धकाला पैसे देते, स्पर्धकाकडून घेत नाही. या एका गोष्टीवरून खरं-खोटं ओळखता येतं. त्याच माणसाने मुलीकडे "स्क्रीन टेस्ट" म्हणून वेगळ्या कपड्यांतला व्हिडिओही मागितला होता. तो तिने पाठवला नव्हता, देवाची कृपा. असा व्हिडिओ हातात आला की पुढे पैसे उकळण्याचा धंदा सुरू होतो. करोडपतीच्या नावाने "२५ लाखांची लॉटरी लागली" असे व्हॉट्सॲप मेसेज कित्येकींना आले असतील, तोही याच घरातला भाऊ.

अर्ज तिथंच थांबवला. दुसऱ्या दिवशी दोघी जणी मुलीसोबत बसल्या आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन लावला. व्यवहाराचा नंबर, तारीख, समोरच्याचा फोन नंबर आणि मेसेजचे फोटो हाताशी ठेवावे लागतात, ते डिलीट करू नका. तक्रार जितक्या लवकर, म्हणजे काही तासांत, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे तीन आठवडे गेले होते. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत. तो नंबर आता बंद लागतो.

मुलगी आठवडाभर कुणाशी बोलत नव्हती. आई रागावली ती २,५०० साठी कमी आणि लपवलं म्हणून जास्त. आता मुलगी पुन्हा रील करते, ब्लाउजच्या गळ्याचे नमुने दाखवते, आणि बोलते छान. मागच्या बैठकीत तिने सगळ्यांना स्वतःच सांगितलं की त्या माणसाने काय काय विचारलं होतं आणि कुठल्या वाक्याला ती फसली. "तुमच्यात वेगळं काहीतरी आहे," असं तो म्हणाला होता. सांगताना तिचे डोळे भरले. सचिव ताईंनी ते वाक्य इतिवृत्तात लिहून घेतलं.